ज्यूल व्हर्नवरचं चित्रचरित्र: मुखपृष्ठावर दोनच नावं का?

कोरंपान
कादंबरीकारावरचं चित्रचरित्र, म्हणजे चित्रकथेच्या रूपातलं चरित्र, हातात घेतलं की मुखपृष्ठावर दोन नावं दिसतात, लेखक आणि चित्रकार. रंग कोणी भरले, संवादाच्या फुग्यांतली अक्षरं कोणी बसवली, संदर्भ कोणी शोधले, संपादन कोणाचं, हे आत बारीक टाइपात असतं, नाहीतर नसतंच.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या बाबतीत हे जास्त खटकतं. व्हर्न म्हणताच जी चित्रं डोळ्यांपुढे येतात ती मुळात एकट्याची नाहीत. 'समुद्राखाली वीस हजार लीग'च्या सचित्र आवृत्तीत १११ चित्रं आहेत. ती एदुआर रिऊ आणि आल्फोन्स द नव्हील या दोघांनी काढली, हिल्डिब्रांने लाकडात कोरली, आणि या सगळ्यांना एका दावणीला बांधलं प्रकाशक प्येर-ज्यूल हेत्झेलने.

समजा व्हर्नवर १२८ पानांचं रंगीत चित्रचरित्र करायचं आहे. कोण कधी कामाला लागतो, शेवटचा शब्द कोणाचा, चुका कुठल्या टप्प्यावर शिरतात आणि नावं कुठे छापायची? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

समुद्रफेस
छान विषय. खुर्ची ओढून बसतो.

बोरू
संहितेपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे तिच्यावर उभे राहतात.

१२८ पानं म्हणजे सोळा पानी आठ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद). त्यातली शीर्षक, हक्क, अर्पण, शेवटच्या टिपा अशी ८ पानं वजा केली की कथेला १२० उरतात. एका पानावर सरासरी ५ ते ६ चौकटी धरा, म्हणजे साधारण ६५० चौकटी. एवढ्यात ७७ वर्षांचं आयुष्य (८ फेब्रुवारी १८२८, नॉन्त, २४ मार्च १९०५, आमियां) मावत नाही. तेव्हा पहिलं काम कापाकापीचं. माझ्या मते १८६२ मध्ये हेत्झेलची भेट होईपर्यंतचा भाग २५ पानांत उरकावा आणि १८६२ ते १८७५ या काळाला निम्मं पुस्तक द्यावं.

दुसरं म्हणजे डावं-उजवं पान. पान १ उजवीकडे येतं, म्हणून विषम पानं कायम उजवीकडे. वाचकाला चकित करायचं असेल तर ते चित्र सम पानावर हवं, म्हणजे पान उलटल्याशिवाय दिसत नाही. हेत्झेलने व्हर्नचं विसाव्या शतकातल्या पॅरिसवरचं हस्तलिखित नाकारलं, तो प्रसंग विषम पानावर ठेवला तर वाचक डावं पान वाचता वाचता तिरक्या नजरेने नकार आधीच पाहून घेतो.

तिसरं, एका चौकटीत एकच कृती. 'व्हर्न उठतो, खिडकीशी जातो आणि पत्र फाडतो' असं लिहिलेलं वारंवार दिसतं. त्या तीन चौकटी आहेत. चित्रकार त्यातली शेवटची तेवढी काढतो आणि उरलेल्या दोन फुग्यात कोंबाव्या लागतात. नीट वर्णन असं: 'पान ४२, चौकट ३. रात्र. जाकोब रस्त्यावर १८ क्रमांकात हेत्झेलचं कार्यालय. टेबलावर एकच दिवा. हेत्झेल बसलेला, पेन्सिल हस्तलिखितावर टेकलेली. व्हर्न उभा, आपल्याला पाठमोरा. संवाद नाही.' वेळ, जागा, उजेड, कोण कुठे, आणि कॅमेरा कुठल्या बाजूला. बाकीचं चित्रकारावर सोडावं.

शिसपेन्सिल
बोरू, एका बाबतीत असहमत. 'आपल्याला पाठमोरा' हे लेखकाने लिहू नये. कोण कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे पूर्ण पानाच्या मांडणीवर ठरतं. वरच्या चौकटीत व्हर्न डावीकडे बघत असेल आणि खालच्यात उजवीकडे, तर तो हेत्झेलशी बोलतोय की भिंतीशी हे कळत नाही. लेखकाने भावना आणि वस्तू सांगाव्यात, कोन चित्रकाराने ठरवावा.

चित्रकाराचा क्रम असा. आधी सगळ्या १२० पानांची अंगठ्याएवढी रेखाटनं, एका कागदावर समोरासमोरची दोन पानं. ती लेखक, संपादक आणि अक्षरकार या तिघांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. या टप्प्यावर चौकट हलवायला दोन मिनिटं लागतात, शाई झाल्यावर दोन दिवस.

मग पात्रपत्रक. व्हर्नची किमान पाच वयं लागतात: नॉन्तमधला मुलगा, पॅरिसमध्ये कायदा शिकणारा विशीतला तरुण, १८६२ चा दाढीवाला, १८७१ नंतरचा आमियांमधला, आणि पांढऱ्या दाढीचा. प्रत्येकाचा चेहरा समोरून, बाजूने आणि पाऊण वळलेला. १८५१ पासून त्याला चेहऱ्याच्या अर्धांगवायूचे झटके अधूनमधून येत होते, तेही पत्रकात लिहून ठेवा. ९ मार्च १८८६ ला पुतण्या गास्तोंने झाडलेली गोळी त्याच्या डाव्या पायात लागली आणि तो कायमचा लंगडू लागला. तेव्हा या तारखेच्या आधीच्या पानांवर काठी टेकत चालणारा व्हर्न नको आणि नंतरच्या पानांवर जिना धावत चढणारा नको.

मूळ चित्र छपाईच्या दीडपट. छापील पान १७० × २४० मिमी असेल तर मूळ २५५ × ३६०. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) म्हणजे मूळ चित्रात ४.५ मिमी. एकूण २६४ × ३६९, म्हणजे ए-३ कागदावर आरामात. नुसती काळी रेषा ८०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन केली की छापील आकारात ती १२०० ला बसते.

टाचणी
+१. पात्रपत्रकाचा मुद्दा महत्त्वाचा.

भिंग
संदर्भ शोधणाऱ्याचं नाव का हवं, ते उदाहरणांनी सांगतो. व्हर्नबाबत हमखास होणाऱ्या चुका:

मृत्यूचा प्रसंग मनोऱ्याच्या घरात काढणं. आमियांमधलं मनोरा असलेलं घर प्रसिद्ध आहे, त्याचे फोटो सहज मिळतात, म्हणून चित्रकार तिथेच त्याला खाटेवर निजवतो. पण तिथे तो १८८२ ते १९०० राहिला. वारला तो ४४, बुलव्हार लाँग्व्हील इथे, आधीच्याच घरी परतल्यावर.

नॉन्तचं फेदो बेट. आज तिथे जाऊन फोटो काढले तर बेट दिसत नाही, कारण भोवतीचे ल्वार नदीचे फाटे विसाव्या शतकात बुजवले. व्हर्न जन्मला तेव्हा खरोखर पाणी होतं. धक्क्याला लागलेली गलबतं, डोलकाठ्या, दगडी किनारा हे सगळं जुन्या चित्रांवरून घ्यावं लागतं.

१८६३ च्या पॅरिसमध्ये आयफेल टॉवर. तो १८८९ चा. दुकानांचे विजेचे दिवेही नकोत. आणि पॅरिसची पुनर्रचना करणाऱ्या ओस्मान या प्रशासकाने चालवलेली मोडतोड तेव्हा ऐन भरात होती, म्हणून रस्त्यांवर पाडलेल्या भिंती, मचाणं आणि मातीचे ढीग दिसले तर ते अचूक ठरेल.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ११ वर्षांचा ज्यूल जहाजावर पळून जातो ही गोष्ट. ती १९२८ च्या, नात्यातल्याच एका लेखिकेने लिहिलेल्या चरित्रातून पसरली. नंतरच्या अभ्यासकांनी ती संशयास्पद ठरवली आहे. पण काढायला इतकी देखणी आहे की जवळजवळ प्रत्येकाला मोह होतो.

निळाहिरवा
भिंग, ती गोष्ट टाकायची नाही असं मला वाटत नाही. दंतकथा म्हणून दाखवता येते, फक्त वाचकाला फरक दिसला पाहिजे. उपाय रंगात आणि चौकटीच्या रेषेत आहे. कागदपत्रांचा आधार असलेल्या चौकटींना पट्टीने आखलेली सरळ कडा, आणि दंतकथा, स्वप्न, कादंबरीतला प्रसंग यांना हाताने ओढलेली कडा किंवा कडाच नाही. रंगही वेगळे. आयुष्यातले प्रसंग मोजक्या चार रंगांत, कल्पनेतले प्रसंग पूर्ण रंगात. हा नियम पहिल्या दहा पानांत तीनदा पाळला की वाचक न सांगता शिकतो. पण एकदा जरी मोडला तर सगळं वाया, म्हणून तो पात्रपत्रकासारखा लिहून सगळ्यांना द्यायचा.

ऑरवेलवरच्या २०१९ च्या फ्रेंच चित्रचरित्रात याच्याशी जुळणारी वाट घेतली आहे. लेखन प्येर क्रिस्तँ यांचं, मुख्य चित्रं सेबास्त्यँ व्हेर्दिए यांची, बहुतेक काळी-पांढरी. ऑरवेलच्या पुस्तकांचे भाग मात्र पाहुण्या चित्रकारांना दिले: ज्युयार, बालेझ, लार्सने, ब्लुच, ग्वार्निदो, बिलाल. हात बदलला की वाचकाला आपोआप कळतं, आता आयुष्य संपलं आणि पुस्तक सुरू झालं.

कोरंपान
निळाहिरवा, हे फार आवडलं. व्हर्नसाठी पाहुणे चित्रकार घेतले तर प्रत्येक कादंबरीला वेगळा हात देता येईल. पण मग त्यांची नावं कुठे?

निळाहिरवा
त्यांच्या भागाच्या पहिल्या पानावर, पायाशी. शिवाय शीर्षकपानावर. मागे कुठेतरी ढकलली तर वाचकाला कोणाचं काय ते जोडता येत नाही.

आता रंगाचे खड्डे. व्हर्न म्हणजे समुद्र, समुद्र म्हणजे गडद निळा, आणि पडद्यावरचा गडद निळा छापल्यावर जांभळा होतो. छपाईच्या शाईंतले सायन (निळसर) आणि मजेंटा (गुलाबीसर) जवळजवळ सारखे झाले की हे घडतं. मजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. खोल पाण्यासाठी सायन १००, मजेंटा ६०, पिवळा २०, काळा २० ही सुरुवात चांगली. चारही शाईंची बेरीज ३०० च्या वर नको, बिनचकाकीच्या कागदावर २६० च्या आसपास थांबा. जास्त झाली की शाई वेळेत वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते.

रंगकाराचा पहिला मदतनीस सपाट रंग भरतो: कोट एक, चेहरा एक, भिंत एक, सावल्या नाहीत. दिसायला किरकोळ काम, पण १२० पानांवर कोटाचा रंग एकच राहतो तो याच माणसामुळे. त्याचंही नाव हवं.

समुद्रफेस
पण व्हर्न द्रष्टा होता हे चित्रांत दाखवायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे डावीकडे 'समुद्राखाली'मधली पाणबुडी नॉटिलस, उजवीकडे आजची पाणबुडी.

भिंग
तो मार्ग नको. त्याने व्हर्न ज्योतिषी ठरतो आणि त्याची मेहनत दिसत नाही. नॉटिलस हे नावसुद्धा त्याने शोधलेलं नाही. रॉबर्ट फुल्टनने १८०० मध्ये त्याच नावाची पाणबुडी फ्रान्समध्ये बांधली होती. फ्रेंच नौदलाची 'प्लाँजर' १८६३ मध्ये पाण्यात उतरली, दाबलेल्या हवेवर चालायची. तिची प्रतिकृती १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात होती. जिफारचं वाफेवरचं विमान-फुगं १८५२ चं. छायाचित्रकार नादारचा 'जेआं' हा अवाढव्य फुगा १८६३ चा, आणि व्हर्नच्या कादंबरीत चंद्राकडे जाणाऱ्या मिशेल आर्दांचं नाव 'नादार'ची अक्षरं उलटसुलट करून बनलंय.

द्रष्टेपणा दाखवायचा तर डावीकडे प्लाँजर आणि उजवीकडे नॉटिलस ठेवा. समोर काय होतं आणि त्याने त्याचं काय केलं, हे अंतर दिसलं की वाचक स्वतःच थक्क होतो.

शिसपेन्सिल
भिंग यांना पूर्ण अनुमोदन. आणि नॉटिलस मनाने काढू नका, मजकुरात मापं दिलेली आहेत: लांबी ७० मीटर, जास्तीत जास्त रुंदी ८ मीटर, दोन्ही टोकांना निमुळती, चिरुटासारखी. १:४०० प्रमाण घेतलं तर चित्रात १७५ मिमी लांब आणि २० मिमी जाड. दीडपट मूळ कागदावर हे रुंदीत छान बसतं. या प्रमाणात माणूस जेमतेम ४ मिमी. बहुतेक चित्रांत बोट आखूड आणि फुगीर होते, कारण चित्रकाराला माणूस मोठा दाखवायचा असतो.

गंमत म्हणजे ही तक्रार खुद्द व्हर्नची होती. रिऊच्या चित्रांबद्दल त्याने हेत्झेलला कळवलं होतं की माणसं बरीच लहान काढावीत आणि दालनं बरीच मोठी. चित्रचरित्रात हा प्रसंग घ्यायलाच हवा. लेखक चित्रकाराला प्रकाशकामार्फत सांगतोय, त्या एका पानात सगळी सहकार्याची गोष्ट येते.

टाचणी
आणि नॉटिलसचा कप्तान नीमो, त्याचा चेहरा?

भिंग
तो कर्नल शारास यांचा. नेपोलियन तिसऱ्याचे विरोधक, १८६५ मध्ये परागंदा अवस्थेतच वारले. व्हर्नने हेच नाव सुचवलं होतं. आणि त्याच कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापक आरोनाक्सला रिऊने व्हर्नचाच चेहरा दिला. म्हणजे चित्रचरित्रात व्हर्न आणि आरोनाक्स एकाच चौकटीत आले तर दोघे सारखेच दिसतील. हा घोटाळा नसून संधी आहे, पण कोट वेगळे ठेवा.

बोरू
नीमोवरून शेवटचा शब्द कोणाचा हा प्रश्नही सुटतो. व्हर्नच्या मनात नीमो पोलंडचा होता, रशियाने चिरडलेल्या १८६३ च्या उठावात सगळं गमावलेला. हेत्झेलने विरोध केला, रशियातली विक्री आणि राजकारण दोन्ही डोळ्यांपुढे होतं. व्हर्नने दुसरा देश न देता नीमोचं मूळच लपवलं. पुढे 'रहस्यमय बेटा'त (१८७४-७५) तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघतो, १८५७ च्या उठावातला. संपादकाच्या नकारातून पात्राला गूढ मिळालं आणि नंतर आपल्या इतिहासाशी नातं. मग संपादकाचं नाव मुखपृष्ठावर का नको?

फर्मा१६
एका बाजूला ही उदाहरणं, दुसऱ्या बाजूला हेही लक्षात घ्या की हेत्झेल नुसता संपादक नव्हता. तो प्रकाशक होता, स्वतः 'स्टाल' या नावाने लिहीत होता आणि १८६४ पासून मुलांचं नियतकालिक चालवत होता. पैसा, कागद, चित्रकार सगळं त्याच्या हातात. आजचा संपादक प्रकाशनसंस्थेचा नोकर असतो. मुखपृष्ठावर नको, शीर्षकपानाच्या मागे ठळक हवं.

कोरकाम करणाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चित्रचरित्रात जुनी चित्रं वापरायची वेळ येतेच. ही चित्रं बॉक्सवूडच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे खोडाच्या वर्तुळरेषा दिसतात त्या तोंडावर कोरलेली असतात. तो पृष्ठभाग इतका घट्ट की केसासारखी रेषा टिकते. खोड बारीक असतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे जोडून एक करतात. घाई असली की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटायचे, मग जोडून मुख्य कोरक्या सांध्यावरच्या रेषा जुळवायचा. काही छापांत आजही चित्राच्या मधोमध सरळ पांढरी फट दिसते, ती हीच. ठोकळ्याची उंची खिळ्यांएवढीच, म्हणून चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापता यायचे. मोठ्या आवृत्तीसाठी मेणाचा साचा घेऊन त्यावर तांबं चढवत आणि त्या तांब्याच्या प्रतीवरून छापत.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत बघा, बहुधा एका बाजूला चित्रकाराची सही आणि दुसऱ्या बाजूला कोरक्याची. दीडशे वर्षांपूर्वी बहुतेक चित्रांवर दोघांची नावं होती!

वापरताना काळजी: ही चित्रं शुद्ध रेषांची आहेत, त्यात राखाडी छटा नाही. करड्या रंगात ३०० डीपीआयला स्कॅन करून छापली तर यंत्र रेषांचे ठिपके करतं आणि चित्र मळकट दिसतं, वर जाळीसारखे पट्टे उमटतात. १२०० डीपीआय, नुसतं काळं-पांढरं. लहान करताना आधी चाचणी छाप घ्या, बारीक रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. आणि सही असलेला कोपरा कापू नका.

समुद्रफेस
त्या पांढऱ्या फटीला मी आजवर घडी समजत होतो. धन्यवाद.

रफार
अक्षरांकनावर अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. फ्रेंच किंवा इंग्रजी चित्रकथेतला फुगा मराठीला जसाच्या तसा पुरत नाही. शब्द कमी लागतात पण लांब असतात, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: 'पाणबुडीच्या कप्तानाकडून'. अरुंद उभ्या फुग्यात एका ओळीत एकच शब्द राहतो आणि वाचणं अडखळतं. देवनागरीसाठी फुगा आडवा हवा, ३ ते ४ ओळी, १२ ते १८ शब्द.

ओळींमधलं अंतर जास्त लागतं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांवर आदळतात. ९ पॉइंट अक्षराला १४ पॉइंटची ओळ धरा. रोमन अक्षर ७.५ ला चालतं, देवनागरी त्या मापाला शाईने भरून जाते. जोर द्यायचा तर अक्षर तिरकं करू नका, शिरोरेषेचा जिना होतो. ठळक करा.

फाइल मांडणी-प्रणालीत नेल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे सरकलेली दिसली किंवा क्ष, ज्ञ तुटले तर फाँटला दोष देऊ नका. परिच्छेदाची जुळवणी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर'वर (इनडिझाइनमधली भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) आहे का ते बघा. आणि जुना, युनिकोड नसलेला फाँट वापरलेला मजकूर असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर शेवटच्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही आणि दुरुस्ती प्रत्येक फुग्यात हाताने करावी लागते.

फुगे नेहमी वेगळ्या थरावर. चित्रावर थेट अक्षरं लिहिली की दुसऱ्या भाषेतली आवृत्ती मेली.

फर्मा१६
रफार, यात एक भर. फुग्यातली अक्षरं नुसत्या १०० टक्के काळ्याची आणि 'ओव्हरप्रिंट' केलेली, म्हणजे खालच्या रंगात जागा न कापता त्यावरच छापलेली हवीत. चार रंगांच्या मिश्र काळ्यात केली आणि कागद ०.१ मिमी सरकला तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. चित्राच्या शाईच्या रेषेलाही हेच लागू. मोठा काळा भाग, म्हणजे समुद्रतळ किंवा रात्र, असेल तिथे मात्र सायन ४०, मजेंटा ३०, पिवळा ३०, काळा १०० द्या, नुसता काळा करडा दिसतो.

टाचणी
नावाचं मराठी लेखन? 'ज्यूल' की 'ज्यूल्स'?

रफार
फ्रेंच उच्चार 'ज्यूल', शेवटचा स उच्चारत नाहीत. पण भा. रा. भागवतांच्या अनुवादांवर वाढलेल्या वाचकाच्या तोंडी 'ज्यूल्स' आहे. कुठलंही घ्या, पण संपूर्ण पुस्तकात एकच. मुद्रितशोधकाला पहिल्याच दिवशी नावांची यादी द्या: हेत्झेल, रिऊ, द नव्हील, आमियां, नॉन्त. ही यादी नसली की मुखपृष्ठावर एक आणि मलपृष्ठावर दुसरं छापलं जातं.

कोरंपान
हक्कांचं काय? व्हर्नचे शब्द चौकटीत वापरता येतील?

भिंग
व्हर्न १९०५ ला गेला, त्याच्या हयातीत छापलेला मूळ फ्रेंच मजकूर मोकळा आहे. द नव्हील १८८५ ला, रिऊ १९०० ला गेले, त्यांची चित्रंही मोकळी. अडचण भाषांतरांची. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो, त्यामुळे अलीकडच्या अनुवादातलं वाक्य उचलायचं तर परवानगी हवी. सोपा मार्ग म्हणजे फ्रेंचमधून नव्याने अनुवाद करून घेणं, आणि त्या माणसाचं नाव श्रेयनामावलीत घालणं. विसाव्या शतकातल्या पॅरिसवरची ती नाकारलेली कादंबरी मात्र १९९४ मध्ये प्रथम छापली गेली. मरणोत्तर छापलेल्या मजकुराचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तिथे वकिलाला विचारूनच पुढे जा.

आणि हो, व्हर्नच्या नावावर फिरणारी सुविचारवजा वाक्यं फुग्यात घालू नका. मूळ फ्रेंच पान हाताशी असेल तरच अवतरण.

बोरू
मूळ प्रश्नाकडे. माझा प्रस्ताव: मुखपृष्ठावर लेखक, चित्रकार आणि रंगकार, तिन्ही एकाच मापात. शीर्षकपानावर त्यांच्याखाली अक्षरकार, संदर्भ-संशोधक, अनुवादक, पाहुणे चित्रकार. मागच्या बाजूला संपादक, सपाट रंग भरणारे, मुद्रितशोधक, मांडणीकार, छपाई. हे संहितेच्या आधी, करारातच लिहून घ्यायचं. पुस्तक छापायला गेल्यावर नावांची चर्चा सुरू झाली की शेवटच्या फर्म्यात जागा उरत नाही.

रफार
बोरू, रंगकाराला वर आणि अक्षरकाराला खाली कशासाठी? चित्रकथेत वाचक प्रत्येक चौकटीत आधी अक्षर वाचतो, मग चित्र बघतो.

बोरू
हाताने लिहिलेली अक्षरं असतील तर तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, चौथं नाव वर. फाँटने बसवली असतील तर शीर्षकपान पुरे असं मला अजूनही वाटतं.

रफार
फाँट बसवणं म्हणजे टंकन नव्हे. ६५० चौकटींतल्या प्रत्येक फुग्याची जागा, शेपटी, ओळ कुठे तोडायची हे ठरवावंच लागतं. मी मुखपृष्ठाच्याच बाजूने.

शिसपेन्सिल
मलाही रफार यांचं पटतं. अंगठाचित्रांच्या टप्प्याला अक्षरकाराला बसवलं असेल तर तो मांडणीचा भागीदारच आहे.

हेत्झेलच्या आवृत्त्यांत दिसणारी एक युक्ती घ्यावी: शीर्षकपानावर चित्रांची संख्या आणि चित्रकारांची नावं एकत्र. 'रिऊ आणि द नव्हील यांची १११ चित्रं, कोरकाम हिल्डिब्रां' अशा धर्तीची ओळ. आपल्या पुस्तकात 'अमुक यांच्या ६५० चौकटी, रंग अमुक, अक्षरं अमुक'. वाचायला साधी आणि कोणाचं काय हे लगेच कळतं.

कोरंपान
ही ओळ फार आवडली. चारही नावं मुखपृष्ठावर आणि ही ओळ शीर्षकपानावर, असाच विचार करतो. पहिल्या १६ पानांची डमी (नमुना प्रत) झाली की इथेच पानं टाकीन.

शिसपेन्सिल
डमी पाहताना एक गोष्ट जरूर तपासा. मांडणीकार कधीकधी संवादाची दिशा जुळावी म्हणून पूर्ण चौकट आरशासारखी उलटवतो. मग १८८६ नंतरचा व्हर्न उजव्या पायाने लंगडतो, काठी डाव्या हातात जाते आणि कोटाची डावी बाजू उजवीच्या खाली. लाकडावर काढणाऱ्यांना तर मूळ चित्रच उलटं काढावं लागायचं, तेव्हा कुठे छाप सुलट यायचा. तुमच्याकडे आरसा नाही, म्हणून प्रत्येक चौकटीत कोटाची बटणं बघा: पुरुषाच्या कोटात डावी बाजू वर.

भिंग
आणि दुकानांच्या पाट्या. त्या उलट्या झाल्या की लगेच दिसतात, बटणं दिसत नाहीत.